एका गोलाचें अंतर

निकालपत्र हातीं पडतांच मुलाचें भवितव्य ठरवून टाकण्याची घाई ज्या घरांत होते, तेथील वडीलधाऱ्यांनीं आइसलंडच्या तरुण फुटबॉलपटूंची ही हकीकत अवश्य वाचावी.

उत्तर अटलांटिकमधील या बेटाची वस्ती त्या वेळीं अवघी सव्वातीन लाखांच्या आसपास. हिवाळा दीर्घ, म्हणून छपराखालीं मैदानें बांधून तेथें मुलांचा बारमाही सराव सुरू झाला. २०१० सालीं त्यांच्या एकवीस वर्षांखालील संघानें तत्कालीन विजेत्या जर्मनीस ४-१ असें नमविलें आणि पुढें डेन्मार्कमध्यें २०११ सालीं झालेल्या युरोपीय स्पर्धेंत आठ संघांत स्थान मिळविलें. तेथें बेलारूस व स्वित्झर्लंड या दोघांकडूनही ते ०-२ असे हरले. अखेरीस यजमान डेन्मार्कवर त्यांनीं ३-१ अशी मात केली खरी. पण तीन संघांचे गुण समान भरले आणि परस्परांतील गोलांच्या हिशेबानें बेलारूस पुढें गेला. त्या सामन्यांत आणखी एक गोल झाला असता, तर उपांत्य फेरी आइसलंडची होती!

तथापि देशानें त्या मुलांवरील विश्वास सोडला नाहीं. त्यांतीलच सिग्थॉर्सन, सिगुर्डसन, गुन्नारसन प्रभृति खेळाडू पुढें प्रौढांच्या संघाचे आधारस्तंभ झाले. २७ जून २०१६ रोजीं नीस येथें त्यांनीं इंग्लंडला २-१ असें हरविलें. विजयाचा गोल सिग्थॉर्सनचाच.

शिक्षक असतांना एका परीक्षेवरून मींही कांहीं मुलांस मंद ठरविलें होतें. त्याची आज खंत वाटते. हरलेल्या मुलास पुन्हा मैदानांत उभें करणें, हेंच वडीलधाऱ्यांचें खरें कर्तव्य होय.