अपस्मार आणि शाळेंतील मूल

ज्ञानतंतूंच्या विकारांपैकीं आपल्या लोकांत सर्वांत अधिक धास्ती कोणत्या विकाराची आहे असें कोणी विचारिल्यास आम्ही अपस्माराचें नांव घेऊं. खेड्यांत त्यास फेफरें म्हणतात, कोणी मिरगी किंवा आंकडी म्हणतात, आणि शहरांतील मंडळी ‘फीट’ म्हणतांना आवाज खालीं आणितात. घरांत अर्धांगवायूचा रोगी असल्यास त्याची वार्ता साऱ्या आळीस असते. अर्धशिशीची तक्रार तर आपण चारचौघांत करितों. परंतु मुलास फेफरें येतें ही गोष्ट सख्ख्या मावशीसही कळूं देत नाहींत. आमच्या मतें ह्या रोगानें मुलांचें जितकें नुकसान होतें त्याहून अधिक ह्या लपवालपवीनें होतें.

मेंदूंतील पेशी अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाहाच्या योगें परस्परांशीं व्यवहार करितात. हा व्यवहार एरव्हीं शिस्तीनें चाललेला असतो. परंतु केव्हां केव्हां पुष्कळ पेशी एकदम व प्रमाणाबाहेर चेततात, आणि तेवढा वेळ शरीर किंवा शुद्धि ताब्यांत राहत नाहीं. असे झटके पुनः पुन्हां येऊं लागले म्हणजे तो अपस्मार. हान्स बर्गर ह्या जर्मन डॉक्टरानें १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील हे प्रवाह प्रथम कागदावर उतरविले. पण हा शरीराचा रोग आहे हें कळण्यास जगाला बर्गरपर्यंत थांबावें लागलें नव्हतें. चरकसंहितेंत दोषांवरून अपस्माराचे चार प्रकार सांगून त्यांवर औषधें दिलीं आहेत. आणि ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटीस याच्या नांवावर चालत आलेल्या सुमारें २४०० वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत हा रोग इतरांहून अधिक दैवी नसून मेंदूपासून उद्भवतो असें प्रतिपादिलें आहे. तरीही अंगारा, गंडा आणि देवऋषी ह्यांवर महिनेच्या महिने दवडणारीं घरें अजून आहेत, व तीं सर्वच अशिक्षितांचीं नाहींत.

कारणें अनेक आहेत. जन्मतांना बाळ गुदमरणें, डोक्यास जबर मार लागणें, मेंदूज्वर, मेंदूंतील गांठ, उतारवयांत अर्धांगाचा झटका, कांहीं घराण्यांतील आनुवंशिक कल; आणि पुष्कळांच्या बाबतींत कसून शोध करूनही कारण सांपडत नाहीं. एक कारण मात्र आपल्या देशांत फार आढळतें आणि तें टाळतां येण्यासारखें आहे. डुकराचें कच्चें राहिलेलें मांस खाणाऱ्याच्या आंतड्यांत एक फीतकृमि वाढतो व त्याचीं अंडीं मळावाटे बाहेर पडतात. दूषित पाणी, न धुतलेली कच्ची भाजी किंवा घाणेरडे हात ह्यांच्या द्वारें तीं दुसऱ्याच्या पोटांत जातात, आणि त्यांतून निघालेलीं पिलें मेंदूंत जाऊन बसतात. म्हणजे ज्यानें जन्मांत मांसास स्पर्श केला नाहीं त्यासही हा रोग होऊं शकतो. हें निदान ऐकून शाकाहारी आईबापांनीं डॉक्टरवर रागावूं नये. शौचानंतर व जेवणापूर्वीं साबणानें हात धुण्याविषयीं शाळा इतका आग्रह कां धरिते हें ह्यावरून लक्षांत घ्यावें.

सहा महिने ते पांच वर्षें ह्या वयांत भरतापांत येणारी आंकडी ही बहुधा अपस्मार नव्हे. तरी डॉक्टरास दाखवावेंच.

आतां लक्षणें. एकदम किंकाळी, पडणें, अंग ताठणें, हातपाय झाडणें, दांतखिळी, तोंडास फेंस, हा मोठा झटका सर्वांस ठाऊक आहे. आम्हां शिक्षकांस ओळखावयास हवा तो लहान झटका. धडा वाचतां वाचतां मूल मध्येंच थांबतें, नजर शून्यांत लागते, पापण्या फडफडतात. दहापंधरा सेकंदांनीं तें जणूं कांहीं झालेंच नाहीं असें पुढें वाचूं लागतें. पडत नाहीं, ओरडत नाहीं. असें दिवसांतून अनेक वेळां होतें, व प्रत्येक वेळीं शिकविण्यांतला एक दुवा निसटतो. अशा मुलास स्वप्नाळू, बावळट, नापास होण्याच्या लायकीचें ठरवून पट्टीचा प्रसाद देण्याची चाल शाळांतून फार जुनी आहे. हांक मारल्यानें किंवा खांद्यास हात लावल्यानें जें भानावर येतें तें दुर्लक्ष. ज्यास त्या क्षणीं हांक पोहोंचतच नाहीं, त्याच्या पालकांस बोलावून डॉक्टरकडे पाठविणें हें शिक्षकाचें काम आहे.

दुसरा प्रकार मोठ्या मुलामुलींत दिसतो. सकाळीं उठल्यावर हात अकस्मात् उडतो, चहाचा पेला किंवा दंतमंजनाची डबी हातांतून फेंकली जाते. घरचे त्यास वेंधळेपणा म्हणतात. रात्रीं जागून अभ्यास केला म्हणजे हे झटके वाढतात, आणि एखाद्या सकाळीं मोठा झटकाही येतो. परीक्षेच्या हंगामांत पहांटेपर्यंत दिवा जाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

मोठा झटका आल्यास वहाण किंवा कांदा हुंगविणें, मुठींत किल्ल्या देणें, दांतांत चमचा घालणें, पाणी पाजणें, हातपाय दाबून धरणें, ह्यांतील कांहींही करूं नये. झटका बहुधा एकदोन मिनिटांत आपला आपण थांबतो. नेमकी त्याच वेळीं कोणी वहाण पुढें केलेली असल्यास श्रेय वहाणेस मिळतें. आजूबाजूचीं बांकें सरकवावीं, डोक्याखालीं मऊ कापड द्यावें, गळ्याशीं बटण सैल करावें, आचके कमी होतांच कुशीवर वळवावें, आणि घड्याळ पाहावें. पांच मिनिटांवर झटका लांबला, किंवा शुद्धि येण्यापूर्वींच दुसरा आला, तर प्राणावर बेतूं शकतें. तेथें एक क्षणही न दवडतां रुग्णालय गांठलें पाहिजे.

असा प्रसंग येण्याचें एक नेहमींचें कारण म्हणजे औषध मनानें बंद करणें. चार महिने झटका आला नाहीं कीं गोळ्या फडताळांत पडून राहतात. दोनतीन वर्षें निर्वेध गेल्यावर औषध हळूहळू कमी करावें कीं नाहीं, हें डॉक्टरनें ठरवावयाचें आहे. दुसरा धोका विस्तवाचा व पाण्याचा. मार्काच्या शुभवर्तमानांत आपल्या मुलाची व्यथा सांगणारा बाप तो मुलगा बाळपणापासून विस्तवांत व पाण्यांत पडत असल्याचें सांगतो. आज डॉक्टरांचाही प्रश्न तोच असतो, आणि चूल, विहीर, नदी व उंच गच्ची ह्यांविषयींचा इशाराही तोच. एकट्यानें पोहणें ह्या मुलांस वर्ज्यच.

परंतु म्हणून क्रीडांगणही वर्ज्य करणें हा अन्याय होय. दक्षिण आफ्रिकेच्या जॉन्टी ऱ्होड्स यानें आपणांस अपस्मार असल्याचें उघडपणें सांगितलें आहे. १९९२ च्या विश्वचषकांत ब्रिस्बेन येथें इंझमाम-उल्-हक यास धावचीत करितांना त्यानें यष्ट्यांवर घेतलेली झेप क्रिकेटवेड्या मुलांस ठाऊक असेलच. जगांत सुमारें ५ कोटी लोकांस हा विकार आहे, व योग्य उपचार मिळाल्यास शेंकडा ७० पर्यंत रोगी झटक्यांवांचून राहूं शकतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग पालक लपवितात तरी कां? बहुधा मुलीच्या लग्नाकरितां. ती भीति निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. वारंवार अपस्मार येणाऱ्यास विवाहास अपात्र ठरविणारे शब्द हिंदु विवाहाच्या कायद्यांत होते, ते १९९९ सालीं काढून टाकण्यांत आले. कायदा बदलला, सोयरीक जमविणाऱ्यांचें मन तितक्या वेगानें बदललें नाहीं. तथापि शाळेपासून लपवून काय साधतें? औषधाचें नांव, वेळ, डॉक्टरचा पत्ता, झटक्यापूर्वीं मुलास काय जाणवतें, एवढें एका कागदावर लिहून वर्गशिक्षकाच्या हातीं द्यावें. आणि असा कागद हातीं आल्यावर त्या मुलास पटावरून कमी करण्याची सबब शोधणाऱ्या शाळेवर पालकांनीं पुन्हां विश्वास ठेवूं नये, असेंही आम्ही तितक्याच स्पष्टपणें म्हणतों.

विद्यार्थ्यांस एवढेंच सांगावयाचें. झटका ओसरल्यावर सोबती कांहीं वेळ गुंगींत असतो, आणि डोळे उघडल्यावर प्रथम सभोंवारचे चेहरे पाहतो. त्या वेळीं कडें करून उभे राहूं नका. एकानें शेजारीं बसावें, कपडे ओले झाले असल्यास अंगावर चादर टाकावी, व बुडालेल्या तासाची वही दुसऱ्या दिवशीं आपण होऊन त्याच्या पुढें ठेवावी.