झोपेची हाजरी कोण लावणार?



या अंकाचं संपादकीय कवितेवर लिहायचं ठरलं होतं. ते बाजूला ठेवलंय. आमचे दाजी दोन महिने झोपलेले नाहीत.

दाजी सेंटरिंगचं काम करतात. चौदाव्या मजल्यावर त्यांच्या शेजारचा बिगारी परांचीवरून खाली गेला. ठेकेदारानं त्याची अर्ध्या दिवसाची हाजरी लावली, रक्तावर वाळू टाकली अन् दुसऱ्या दिवशी दाजींना त्याच फळीवर चढवलं. तेव्हापासून दाजी रात्री खाटेचा दांडा धरून बसतात. डोळे मिटले की खाली जातोय म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आमच्या घरात लिंबू उतरवून झालं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, टेन्शन घेऊ नका. मग दाजी क्वार्टर घ्यायला लागले. ती घेतली की डोळा लागतो, सकाळी हात थरथरतात, अन् त्याच हातांनी वर जाऊन फळ्या ठोकायच्या.

याला वेड म्हणू नका. नाक्यावर गुरासारखे दंड दाखवत उभं राहायचं, दहापर्यंत कुणी नेलं नाही तर भरला डबा घरी आणायचा, खर्चीवर राबायचं अन् हिशेब मागितला की ठेकेदाराचा फोन बंद. हे रोज डोक्यात भरल्यावर झोप कुठून येणार? २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्या झाल्या, असं सरकारचीच नोंद सांगते. त्यात रोजंदारीवाले ४२,००४. चौघांत एक!

१९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर टक्काभर उपकर बसला. पण नोंदणीला वर्षात ९० दिवस राबल्याचा पुरावा पाहिजे. नाक्यावर रोज नवा मालक, सही कुणाची आणायची? दाखल्यासाठी खेटे घालावेत तर रोज बुडतो. त्या पैशातून कामगारांसाठी म्हणून लॅपटॉप अन् वॉशिंग मशीन घेतल्याचं २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानंच नोंदवलं. झोपडीत नळ नाही अन् वॉशिंग मशीन!

पण नुसत्या शिव्या घालून भागत नाही. मी गोदीत बोजा वाहतो. पाठ दुखली तर सांगता येतं. डोक्याचं दुखणं सांगायला आपल्या वस्तीत ‘येडा झाला’ एवढाच शब्द. दाजींवर मी कविता लिहिली, टाळ्या घेतल्या. झोप लागते का, हे मात्र विचारलं नाही. ते बहिणीनं सांगितलं.

मंगळवारी पाळी बुडवून दाजींना मनोविकाराच्या ओपीडीत नेतोय. ज्याला तेही जमत नाही त्यानं १४४१६ ला फोन लावावा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

अन् सोमवारपासून सकाळी सहाला आपण नाक्यावर. पत्रकं नकोत, वही आणा. कोण कुठं किती दिवस राबला, पैसे कुणी बुडवले, रोजच्या रोज लिहायचं. नोंदणीसाठी भांडताना हातात काहीतरी असेल. शेवटी एक रकाना ज्यादा आखायचा: रात्री झोप लागली का?

पहिल्या ओळीत दाजींचं नाव लिहून ठेवलंय.