पन्नास हजार शब्दांचा नोव्हेंबर

कादंबरी वाचणाऱ्यांपेक्षा ती लिहू इच्छिणारेच अधिक असावेत, अशी शंका प्रकाशन व्यवसायातील मंडळींना अधूनमधून येते. मात्र इच्छा आणि लेखन यांच्यामध्ये नोकरी, घर, आळस आणि भीती उभी असते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ख्रिस बेटी या तरुणाने जुलै १९९९ मध्ये यावर एक खेळकर तोडगा काढला. त्याच्यासह २१ जणांनी महिन्याभरात कादंबरी लिहायचे ठरवले. दुसऱ्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरमध्ये गेला, तेव्हा १४० जण होते. २००१ मध्ये सुमारे पाच हजार आणि २०२२ मध्ये चार लाखांहून अधिक.

‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ ऊर्फ ‘नॅनोरायमो’चा नियम साधा होता. तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे रोज १,६६७. प्रवेशशुल्क नाही, परीक्षक नाहीत. शब्द संगणक मोजत असे. मजकूर कोणी वाचतही नसे. पन्नास हजारांची रेषा ओलांडणारा प्रत्येक जण विजेता! मग लाखो लोक रात्री जागवून हा उपद्व्याप का करीत?

प्रसिद्धीची आशा हे उत्तर अपुरे आहे. सारा ग्रुएन यांची ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ किंवा एरिन मॉर्गनस्टर्न यांची ‘द नाइट सर्कस’ या खूप खपलेल्या कादंबऱ्यांचे कच्चे खर्डे अशाच नोव्हेंबरांतले, हे खरे. पण मॉर्गनस्टर्न यांना त्यानंतर पुनर्लेखनात वर्षे घालवावी लागली. बहुतेकांचे बाड कपाटातच राहते आणि ते त्यांना ठाऊकही असते.

खरे कारण मुदतीत आहे. १८६५ मध्ये स्तेलोव्स्की या प्रकाशकाने कर्जबाजारी दोस्तोयव्हस्कीला करारात असे अडकवले होते, की ठरल्या तारखेस कादंबरी न दिल्यास पुढील नऊ वर्षांच्या लेखनाचे हक्क फुकट जावेत. त्याने ‘द गॅम्बलर’ २६ दिवसांत आन्ना स्नीत्किना या लघुलेखिकेला सांगून पुरी केली. सामान्य माणसाच्या दाराशी असा स्तेलोव्स्की येत नाही. त्याच्या कादंबरीची कोणी वाटच पाहत नसते. हे आव्हान त्याला उसनी सक्ती पुरवते. ‘मी कादंबरी लिहितो आहे’ म्हणणाऱ्याला घरचे हसतात. ‘आजचे सहाशे शब्द राहिलेत’ म्हणणाऱ्याला मात्र तासभर एकटे सोडतात.

समीक्षक लॉरा मिलर यांनी २०१० मध्ये याविरुद्ध आक्षेप घेतला होता. लिहिणारे उदंड आहेत, टंचाई वाचणाऱ्यांची आहे, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तथापि वेगाने लिहिलेले वाईटच असते, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ १९६३ मध्ये पंधरा-सोळा दिवसांत लिहून काढली. अर्थात त्यामागे साठलेले आयुष्य होते. ते कोणतेही वेळापत्रक देऊ शकत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द संस्थेचाच या कारणाशी संबंध तुटल्याचे दिसले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा सरसकट निषेध करण्यात वर्गीय आणि अपंगांविषयीचा पूर्वग्रह आहे, अशी भूमिका तिने मांडली. डॅनियल होजे ओल्डर आणि मॉरीन जॉन्सन हे लेखक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचा संताप समजण्याजोगा होता. पन्नास हजार शब्द यंत्र काही मिनिटांत देते. परंतु त्या शब्दांची गरज कोणाला होती? गरज होती ती महिनाभर स्वतः लिहीत बसण्याची.

अल्पवयीन सहभागींच्या सुरक्षिततेवरून २०२३ मध्येच संस्थेवर गंभीर आरोप झाले होते. ३१ मार्च २०२५ रोजी आर्थिक अडचणींचे कारण देत तिने काम थांबवत असल्याचे जाहीर केले. पण ज्यांना सवय जडली आहे, त्यांचे संस्थेवाचून फारसे अडत नाही. दोन-चार मित्र आणि शब्द मोजणारा संगणक एवढ्यावर १ नोव्हेंबरला सुरुवात करता येते. १९९९ मध्येही त्याहून फारसे काही नव्हते.