सांधा कोणाचा?

कंपन्यांच्या बैठकांत 'मॉड्युलर' हा शब्द फार ऐकू येतो. म्हणजे काय, तर कामाचे सुटे भाग पाडा, प्रत्येक भाग आपापला चालू द्या आणि सांधे मात्र सगळीकडे सारखे ठेवा. यंत्रांचं ठीक आहे हो, पण सेवेचं कसं करायचं?

मला विचाराल तर हे शिकायला जुन्नर-आंबेगावच्या माणसांकडे जावं. मुंबईचे कितीतरी डबेवाले या दोन तालुक्यांतले. बाकीचे खेड, मावळ, मुळशीकडचे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली हे काम सुरू केलं. डबा घरातून कचेरीत जाईपर्यंत तीन-चार हात बदलतो. पुरता पत्ता त्यावर नसतोच. झाकणावरच्या रंगीत खुणा सांगतात : स्टेशन कोणतं, इमारत कोणती, मजला कितवा. क्रेटमध्ये न मावणारा अवाढव्य डबा चालत नाही. वीस-पंचवीस जणांचा गट, त्यांचा मुकादम, गिऱ्हाइकं नि हिशेब त्यांचेच. एखादा आजारी पडला तर गटातलाच दुसरा त्याचे डबे उचलतो.

आता आमच्या घरच्या इंटरनेटचं ऐका. तक्रार घेणारा एक, तपासणारा दुसरा, तार जोडणारा तिसऱ्याच कंत्राटदाराचा. तिघांनाही मी तीच कथा पहिल्यापासून सांगितली. तिघांचंही काम म्हणे वेळेत 'क्लोज' झालं होतं! नेट बंदच. इथे भाग पाडले, सांध्याला वाली नाही. डबेवाल्यांत गिऱ्हाईक एकालाच ओळखतं. डबा चुकला तर बोलणी तोच खातो; पुढच्या तिघांना मग तो बघून घेतो. बघून घेऊ शकतो, कारण ते बहुधा त्याच्याच भागातले, नात्यागोत्यातले असतात. सिक्स सिग्माच्या कौतुकात हे हरवतं. गावच्या जत्रांसाठी एप्रिलच्या सुमारास ही मंडळी आळीपाळीने नाही, एकदमच रजेवर जातात. कुठला मॅनेजर हे चालवून घेईल?

अर्थात नात्यावर चालणाऱ्या धंद्यात परक्याला शिरकाव अवघड, हेही खरंच. आणि सगळे सांधे लोकलवर टेकलेले. मार्च २०२० मध्ये आधी डबे थांबले, मग लोकलही थांबली आणि सगळे गट बसून राहिले. कित्येक जण गावी शेतीवर परतले. गाड्या सुरू झाल्या तरी सगळे काही मुंबईला फिरकले नाहीत. गिऱ्हाइकंही घरूनच काम करू लागली होती ना!