सिमेंटचे पत्रे फोडण्यापूर्वी

संपादक महोदय,


२०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन कचरा पिथमपूरच्या घातक कचरा केंद्रात आला, तेव्हा इंदूर-धार परिसर पेटून उठला. कचरा भरणाऱ्या कामगारांना पीपीई किट होते, त्यांच्या पाळ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या होत्या, सीलबंद कंटेनरांसाठी रस्ता मोकळा करून दिला होता. तरीही लोकांचा विश्वास बसला नाही. पिथमपूर बंद राहिले, आंदोलनात दोघे जण भाजले. ज्या राज्याने १९८४ ची डिसेंबरातली वायुगळतीची ती रात्र पाहिली, तिथल्या लोकांनी विषाबद्दल धास्ती बाळगणे अगदी रास्त होते.

पण त्याच इंदुरात दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर काय चालते, ते कुठल्याही दाट वस्तीत जाऊन पाहावे. गळके छप्पर बदलायला मिस्त्री येतो. जुना सिमेंटचा पत्रा गंजलेल्या जे-बोल्टांतून सुटत नाही, म्हणून तो हातोडीने फोडला जातो. नवा पत्रा लांबीला जास्त भरला की गल्लीतच ग्राइंडर लावून कापतात. राखाडी धुळीचा लोट उठतो आणि मिस्त्री तोंडावर गमछाही बांधत नाही. खाली तुकडे गोळा करणारी बाई असते, तिची मुले तिथेच खेळत असतात. शेवटी झाडूने सगळे कोरडेच लोटले जाते, आणि जी धूळ बसली होती तीही पुन्हा उडते.

अशा पत्र्यात साधारणपणे आठ ते दहा टक्के पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल असतो. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, त्यांच्यामुळे खोकल्याची उबळही येत नाही. ते फुप्फुसात खोल जाऊन रुततात आणि रोग वर यायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. फुप्फुसे घट्ट होत जाणारा अ‍ॅस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, हे त्यातले मुख्य आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, पांढरा धरून, माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत. कामाच्या जागी अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क आल्याने जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात, असा संघटनेचा अंदाज आहे. कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी परदेशात आहेत.

युरोपीय संघाने २००५ मध्ये, तर कॅनडाने २०१८ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस बंद केला. अमेरिकेने २०२४ च्या मार्चमध्ये क्रिसोटाइलवर बंदी जाहीर केली. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर घटनाबाह्य ठरवला, तरी तिथल्या गोयास राज्यातल्या खाणीतून निर्यात चालू राहिली आणि तो माल घेणाऱ्यांत भारत आहे. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे १९८६ मध्येच थांबले. आयात मात्र वर्षाला तीन लाख टनांहून अधिक होते. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉस देशात आणायला मनाई केली आहे. म्हणजे ज्या तंतूचा कचरा बंदरावर उतरवता येत नाही, तोच तंतू कच्चा माल म्हणून पोत्यांनी उतरतो. कायद्यातली ही विसंगती मोडायला हवी. राज्यसभेत तत्कालीन खासदार विजय दर्डा यांनी २००९ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या बंदीचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

बंदी नसली तरी कामगारांना संरक्षण आहे, असे सांगितले जाते. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतला जो काळ नंतर संपेल तोवर जपावी. बाधित कामगाराला एक लाख रुपये भरपाई द्यावी, असे त्यात स्पष्ट आहे. निकाल उत्तम आहे, पण त्याचा लाभ हजेरीपटावर नाव असलेल्यालाच मिळू शकतो. मुंबईत डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाचांतल्या एकाहून अधिक कामगारांना अ‍ॅस्बेस्टोसिस आढळला. हे निदान झाले, कारण कामगार कुठल्या कारखान्यात होते ते ठाऊक होते. गल्लीत पत्रे कापणाऱ्या मिस्त्र्याची नोंद कोणाच्या दप्तरी असणार?

या बाबतीत इंदूरकरांना हुकुमचंद मिलची आठवण पुरेशी आहे. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची नावे, हजेरी, देणी सगळे कागदावर होते. तरी हक्काचे २२४ कोटी रुपये हाती पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी कामगार वारले होते. कागद असताना बत्तीस वर्षे लागतात, तर ज्याच्याकडे कागदच नाही आणि ज्याचा आजारच तीस वर्षांनी कळणार आहे, त्याला भरपाई मिळेल असे म्हणणे ही त्याची फसवणूक आहे. त्याला वाचवायचे तर धूळ उडण्यापूर्वीच वाचवावे लागेल.

उत्पादकांचे म्हणणे असे की तंतू सिमेंटमध्ये पक्का बांधलेला असतो, पत्रा स्वस्त पडतो, गंजत नाही, गरिबाला परवडतो. यातला स्वस्ताईचा मुद्दा खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. चांगला, न फुटलेला पत्रा डोक्यावर असेल तर घाबरून तो उचकटू नये, हेही लोकांना सांगितले पाहिजे. पण पत्रा कापला जातो, भोके पाडली जातात, गारांनी तडकतो, जुना होऊन झिजतो आणि अखेर फोडला जातो. ‘सुरक्षित वापर’ हा कारखान्याच्या फाटकापर्यंतचा दावा आहे. फाटकाबाहेर तो कोण पाळणार? आपल्याच मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या कैमोरला अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा जुना कारखाना आहे. तिथे मोकळ्या जागेत टाकलेल्या कचऱ्यावर माणसांची वस्ती झाली. शिवाय पर्याय आहेत. पीव्हीए या कृत्रिम तंतूचे आणि सेल्युलोजच्या तंतूंचे सिमेंट पत्रे निघतात, रंगीत जस्ती पत्रे मिळतात, बांबूच्या चटयांचे नालीदार पत्रेही बंगळुरूच्या प्लायवुड संशोधन संस्थेने विकसित केले आहेत. किमतीतला फरक सरकारने घरकुलाच्या अनुदानातून भरून काढावा.

आयातबंदी दिल्लीला करायची आहे, पण बरेच काही इंदूर महापालिकेच्या हातात आहे. २०१७ पासून स्वच्छतेत देशात अव्वल राहिलेले हे शहर घरोघरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा घेते. डायपर आणि बॅटरीसाठी गाडीत वेगवेगळे कप्पे आहेत. फुटलेल्या सिमेंट पत्र्याला मात्र जागा नाही. तो राडारोड्यात मिसळून देवगुराडियाच्या राडारोडा-प्रक्रिया प्रकल्पात दळला गेला, तर त्याचे तंतू तिथे बनणाऱ्या पेव्हर ब्लॉकमध्ये आणि तिथल्या कामगारांच्या छातीत जातील.

किती पत्रे आहेत, हेही आज सांगता येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे १६ टक्के घरांची छपरे एकाच रकान्यात मोजली होती: जस्ती, धातूचे आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे एकत्र. म्हणून सुरुवात मोजणीपासून व्हावी. महापालिकेने आधी शाळा, अंगणवाड्या आणि दवाखाने तपासावेत. केरळच्या मानवाधिकार आयोगाने शाळांवरचे असे पत्रे बदलण्याची शिफारस २००९ मध्येच केली होती. जुनी गिरणी असो की घर, पाडकामाच्या परवान्यापूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी सक्तीची करावी. पत्रा ओला करून, बोल्ट कापून, अखंड उतरवावा. ग्राइंडर आणि कोरडा झाडू यांना मनाई असावी. साधे फडके न बांधता तंतू अडवणारा मास्क लावावा. पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिथमपूरच्या घातक कचरा केंद्रात रीतसर पुरावेत, आणि त्याचा खर्च गरीब घरमालकावर पडू नये. वस्त्यांत काम करणाऱ्या मिस्त्र्यांना हे शिकवायला झोन कार्यालयातले एक दिवसाचे शिबिर पुरे. शहरातल्या सरकारी एमवाय रुग्णालयात फुप्फुसाच्या रुग्णाला ‘विडी ओढता का?’ याच्या जोडीने ‘आयुष्यभर काम कोणते केले?’ हाही प्रश्न विचारला जावा आणि उत्तर केसपेपरवर लिहिले जावे.

यातले बहुतेक काम नव्या कायद्याविना होण्यासारखे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्त्या सुरू होण्याआधी महापौर आणि आयुक्तांनी निदान शाळा-अंगणवाड्यांची यादी जाहीर करावी आणि पत्रे गोळा करण्यासाठी स्वतंत्र गाडी सुरू करावी, ही मागणी आपल्या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक वाचक, इंदूर