लॅटिनचे सोवळे

लॅटिनचे सोवळे नेसून इंग्रजीच्या स्वयंपाकघरात वावरणाऱ्या मंडळींशी मला भांडायचे आहे; आणि दिवाळीचा सण असला, तरी मी भांडणार आहे.

खेड्यातला बाप शाळेत येतो आणि म्हणतो, "गुरुजी, पोराचे बोनाफाईड द्या." हे ऐकून आमचे पदवीधर मित्र गालात हसतात. म्हणे, लॅटिनमध्ये या शब्दांचा अर्थ ‘सद्भावनेने’. विभक्ती आपल्या तृतीयेसारखी. त्याचे कागदाला नाव कसे द्यावे?

मान्य! पण हा अपराध त्या बापाने सुरू केला काय? इंग्रजांनीच प्रथम त्या ‘सद्भावनेने’चे विशेषण केले आणि ‘अस्सल’ या अर्थाने खुशाल चालविले. पुढे ‘बोना फाईड्स’ या मूळच्या एकवचनाच्या शेवटी ‘स’ दिसला, म्हणून ते अनेकवचन ठरले आणि त्याचा अर्थ ओळखीचे पुरावे असा झाला. आमचा शेतकरी त्यांच्याच पंगतीला बसला, इतकेच.

‘अॅलिबाय’ घ्या. लॅटिनमध्ये ते साधे अव्यय, ‘दुसरीकडे’. गुन्ह्याच्या वेळी आरोपी दुसरीकडे होता, हा बचाव इंग्लंडच्या कोर्टात अठराव्या शतकात नाम बनला. विसाव्या शतकात त्याचा अर्थ नुसती सबब असाही होऊ लागला. आता जागेवरून न हललेल्या आळशालाही ‘अॅलिबाय’ मिळते! ‘अजेंडा’ म्हणजे ‘करावयाच्या गोष्टी’. आपल्या ‘कर्तव्यानि’सारखे अनेकवचन. इंग्रजांनी ते एकवचन मानून वर पुन्हा ‘अजेंडाज’ केले, आणि आता तर मनातल्या छुप्या हेतूलाही तेच नाव आहे.

सर्वांत मौज ‘बस’ची. ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. १८२९ साली जॉर्ज शिलिबिअर याने लंडनच्या रस्त्यावर या नावाची घोड्यांची गाडी आणली. लोकांनी शब्दाचे डोके छाटले आणि शेपूट ठेवले. ते शेपूट म्हणजे निव्वळ चतुर्थीचा प्रत्यय, आपल्या ‘सर्वेभ्यः’मधल्या ‘भ्यः’चा भाऊबंद. म्हणजे आमचे विद्वान रोज ‘भ्यः’मध्ये बसून कचेरीत जातात आणि तिथे पोहोचल्यावर बोनाफाईडला हसतात.

शब्द बदलतो याचे मला दुःख नाही. वापरात असलेले भांडे झिजायचेच. दुःख आहे ते वेगळे. पोर शाळेत बसलेले साऱ्या गावाला दिसते, तरी एस. टी.च्या पासासाठी, शिष्यवृत्तीसाठी त्याच्या बापाने दिवसाची मजुरी बुडवून कागद आणायचा, कारण खिडकीमागे बसलेल्याला त्याच्या तोंडी शब्दावर भरवसा नाही. ‘सद्भावनेने’ या शब्दाचा खरा अपभ्रंश त्या खिडकीत झाला आहे. व्याकरणपंडितांनी एक दिवस तिथे जाऊन रांगेत उभे राहावे आणि विभक्ती तिथल्या साहेबांना शिकवावी.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी मुलाचे नाव, इयत्ता, जन्मतारीख विचारतो आणि शिक्का मारून देतो. बोनाफाईड म्हणूनच देतो.