चंदनाचा रोग आणि पेशीची साक्ष

म्हैसूरच्या चंदनाला ‘स्पाइक’ नावाचा एक रोग होतो. १८९९ साली कूर्ग प्रांतात त्याची प्रथम नोंद झाली. रोगट झाडाला येणारे प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा आखूड व ताठ असते. अखेर फांदी कुसळांनी भरलेल्या कणसासारखी दिसू लागते आणि दोन-तीन वर्षांत झाड वाळते. यावर उपाय शोधणाऱ्यास त्या वेळच्या म्हैसूर सरकारने दहा हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

१९१७ साली डॉ. लेस्ली कोलमन यांनी रोगट झाडाचे कलम निरोगी झाडावर बांधून रोग संक्रमित होतो हे दाखविले. कलमाने रोग पसरतो, पण साध्या सूक्ष्मदर्शकात जंतू दिसत नाही. तेव्हा तो विषाणूचाच असला पाहिजे, असे अनुमान निघाले. पुढील पन्नास वर्षे बहुतेकांनी ते ग्राह्य धरले.

विषाणूची खरी खूण कशी असते? १९६९ साली जपानात ताकेबे व ओत्सुकी यांनी तंबाखूच्या पानातील पेशींची भित्तिका विकरांनी विरघळविली आणि त्या उघड्या पेशींना द्रवात ठेवून मोझाइक रोगाच्या विषाणूची लागण केली. पानामध्ये कोणत्या पेशीला केव्हा लागण झाली हे कळत नाही. येथे मात्र बहुतेक पेशींना एकाच वेळी लागण होते, आणि पेशीच्या अंतर्रचनेतील बदल तासातासाने पाहता येतात. काही तासांतच नवे विषाणू तयार होऊ लागतात. पुढे पेशीद्रवात त्यांच्या काड्या, मोळी बांधून ठेवावी तशा, ओळीने रचलेल्या दिसतात. एकेक काडी मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाएवढी!

त्याच वर्षी तीन निरनिराळ्या संशोधकगटांनी रोगट चंदनाचे पातळ छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तेथे असे काही आढळले नाही. अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांत भित्तिका नसलेले, पिशवीसारखे सूक्ष्म जीव मात्र होते. त्यांना आज फायटोप्लाझ्मा म्हणतात. ते जीवाणूंच्या वर्गातले. टेट्रासायक्लिनने रोग काही काळ हटतो, याचाही उलगडा तेव्हा झाला, कारण विषाणूवर त्या औषधाचा परिणाम होत नाही. कोलमन यांचा प्रयोग चुकीचा नव्हता. त्यावरून काढलेले अनुमान पुराव्याच्या पुढे गेले होते.

आज चंदनाची रोपे ऊतिसंवर्धनाने बाटलीतही वाढविता येतात. बाटलीतले रोप म्हणजे निर्दोष रोप, असा एक समज रूढ होत आहे. तो मला मान्य नाही. रोगट वनस्पतीच्या कोंबांपासून वाढविलेल्या रोपांत फायटोप्लाझ्मा दीर्घकाळ टिकून राहू शकतो. म्हणून ज्या मातृवृक्षापासून रोपे घ्यावयाची, त्याच्या पेशींची तपासणी आधी झाली पाहिजे, आणि तिचा दाखला रोपाबरोबर शेतकऱ्याच्या हाती आला पाहिजे. चंदनाचा सुगंधी गाभा भरावयास पंधरा-वीस वर्षे लागतात. तेवढा काळ वाट पाहणाऱ्याने हा दाखला मागणे अवाजवी नाही.